खणाची उशी आणि सहा पटींची दुर्बीण

केशवापूर, हुबळी
१८ ऑगस्ट २०२५

चि. हणमंतराव यांस अनेक आशीर्वाद.

तुमचे कान फौजेतील बंदुकांनी नेल्यापासून दूरध्वनीवर तुम्ही माझ्या प्रत्येक वाक्याला ‘हां हां, सगळं क्षेम’ असे उत्तर देता. मोबाइलवर पूर्णविराम न देता संदेश लिहिणे मला जमत नाही. सबब हे पत्र.

विषय तांत्रिक आहे. माझ्या परिचयाचे एक गृहस्थ आहेत. वय अडुसष्ट, शिक्षण पदवीपर्यंत, उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला. त्यांच्या पत्नी येथील रायफल क्लबाच्या ज्येष्ठ गटात होत्या. त्या फेब्रुवारीत गेल्या. त्यांच्या त्रिकुटातील उरलेले दोघे म्हणजे शेजारच्या भारतीअक्का आणि रेल्वेतून निवृत्त झालेले गोपाळअप्पा. क्लबात दरवर्षी खंडेनवमीला शस्त्रपूजेनंतर छऱ्याच्या बंदुकीचा सामना होतो. मेजावर वाळूची पिशवी, पिशवीवर बंदूक आणि पंचवीस मीटरवर कागदाचे लक्ष्य. तिघे भरले नाहीत तर गट यादीतून जातो.

भारतीअक्का गृहस्थांकडे बंदूक मागण्यास आल्या होत्या. एक नवीन बाई तिसऱ्या जागी बसण्यास तयार आहेत, त्यांच्याकडे बंदूक नाही. मागणी सर्वस्वी रास्त होती. परंतु ती बंदूक दुसऱ्या कोणाच्या खांद्याला लागलेली गृहस्थांना पाहवणार नाही. ‘विचार करून कळवतो’ असे म्हणण्याच्या बेतात असताना त्यांच्या तोंडून ‘मीच बसतो’ हे शब्द निघून गेले. त्यांनी जन्मात बंदूक धरलेली नाही.

बंदुकीला मूळचा नेम बारीक छिद्राचा आहे. त्यातून गृहस्थांना केवळ धुके दिसते. म्हणून दुर्बीण बसवण्याचा विचार आहे. दुकानात चार पटींपासून चोवीस पटींपर्यंत मिळतात. वस्तू जितकी मोठी दिसेल तितका नेम अचूक, हे तर्काला धरून असल्याने गृहस्थांचा कल चोवीसकडे आहे. तुमचा अभिप्राय कळवावा.

सौ. पार्वतीवहिनींस नमस्कार.

तुमचा,
अनंत नरगुंदकर

*

टिळकवाडी, बेळगाव
२३ ऑगस्ट

तीर्थस्वरूप दाजींना हणमंतचा कडक सलाम.

पत्र पोचलं. तुमच्या त्या गृहस्थांची ओळख करून घ्यायला फार आवडेल. माणूस गंभीर दिसतो. त्यांना विचारा, बंदूक कुठली आहे? मी माझ्या अक्काला साठीला एक दिली होती, तिच्या दस्त्यावर डाव्या बाजूला करंगळीएवढा ओरखडा आहे. गृहस्थांच्या बंदुकीवर तसला ओरखडा असला तर योगायोगच म्हणायचा!

आता मुद्दा. चोवीस पट घेऊ नका. म्हणजे त्यांना घेऊ देऊ नका. जितकी पट जास्त तितकं समोरचं जग कमी दिसतं. नळीतून बघितल्यासारखं. आणि हाताची थरथरही चोवीस पट. पंचवीस मीटरला चार पट भरपूर, सहा म्हणजे चैन. मी तर म्हणतो, दुर्बीणच कशाला? आम्ही आयुष्यभर उघड्या डोळ्यानं मारलं.

घेतलीच तर बसवताना डोळा आणि काच यात चार बोटं अंतर ठेवायचं. दुर्बीण धरणाऱ्या कड्यांचे स्क्रू एकदम आवळायचे नाहीत. तिरक्या जोडीनं, थोडे थोडे, गाडीचं चाक बसवल्यासारखे.

आमची अक्का कॉलेजात एनसीसीत होती तेव्हा सुट्टीत मला चिंचेच्या झाडाखाली उभं करून वरचे आकडे गलोलीनं पाडायची. एकही माझ्या डोक्यावर पडला नाही. मी मात्र डोळे मिटून उभा असायचो. फौजेत गेल्यावर भीती कशाची वाटणार?

गृहस्थांना म्हणावं, हणमंत पाठीशी आहे.

तुमचा,
हणमंत

*

केशवापूर, हुबळी
३१ ऑगस्ट

चि. हणमंतराव यांस अनेक आशीर्वाद.

तुमचे पत्र येण्यापूर्वीच गृहस्थांनी दाजीबानपेठेतील दुकानातून चोवीस पटींची दुर्बीण आणली होती, हे खेदाने कळवतो. बंदुकीच्या ओरखड्याविषयी विचारणा केली. त्यांनी उत्तर देण्याचे टाळले.

पहिल्या दिवशी त्यातून काळ्या कड्याखेरीज काहीच दिसले नाही. दुकानदाराच्या मते ती दुर्बीण शंभर मीटरच्या पुढे पाहण्यासाठी केलेली असून जवळचे तिला अंधुकच दिसते. दुसऱ्या दिवशी दिसले, परंतु जे दिसले ते विलक्षण होते. काचेतील फुली दर क्षणी एकदा किंचित उडी मारत होती. गृहस्थांना प्रथम वाटले, यंत्रात दोष आहे. नंतर उमगले की ते त्यांच्या स्वतःच्या हृदयाचे ठोके आहेत. कित्येक महिन्यांत त्या अवयवाकडे त्यांचे लक्ष गेले नव्हते.

तिसऱ्या दिवशी त्यांनी पाच छरे मारले आणि पाचही काळ्या वर्तुळात बसले. गृहस्थ उठून उभे राहिले. तेव्हा गोपाळअप्पा शांतपणे म्हणाले, “थँक्स सर. ते माझं कार्ड होतं.” दृष्टिक्षेत्र इतके अरुंद होते की शेजारचा कागद आपला नव्हे हे कळण्यास मार्गच नव्हता. गोपाळअप्पांनी तो कागद घरी भिंतीला लावला आहे, असे समजते.

चौथ्या दिवशी नीट दिसावे म्हणून डोळा काचेला अगदी भिडवला आणि चाप ओढला. दुर्बीण थेट माझ्या भुवईवर येऊन आदळली. म्हणजे सदर गृहस्थांच्या भुवईवर. भारतीअक्कांनी हळद दाबली आणि वर “सर, निमगे दुर्बीण बेडा, हेल्मेट बेकु”, म्हणजे दुर्बीण नको, हेल्मेट हवे, असे सर्वांसमक्ष सुनावले.

चोवीस पटींची दुर्बीण दुकानदाराने बदलून दिली. नवी तीन ते नऊ पटींची आहे आणि पुढची कडी फिरवून जवळचे अंतर स्पष्ट करता येते. परंतु दर छऱ्यागणिक ती जागेवरून मागे सरकते. स्क्रू तिरक्या जोडीने, गाडीचे चाक बसवल्यासारखेच आवळले होते. यावर उपाय कळवावा.

तुमचा,
अनंत नरगुंदकर

*

टिळकवाडी, बेळगाव
६ सप्टेंबर

ती. दाजींना सलाम.

तुमचं पत्र वाचून मी इतका हसलो की पार्वती पोळपाट सोडून बघायला आली. तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “त्या गृहस्थांच्या भुवईला टाके पडले नाहीत ना? आणि ते जेवतात का वेळेवर, तेही विचारा.” विचारलंय असं समजा.

दुर्बीण सरकते त्यात चूक माझी. आमची फौजेतली रायफल फक्त मागं धक्का देते. छऱ्याच्या बंदुकीत जाड स्प्रिंग असते, ती आधी मागं आणि लगेच पुढं, असा दोन्ही बाजूंनी झटका देते. हे मला कुठं ठाऊक? इथल्या एका शिकवणाऱ्या पोरीला विचारलं. ती म्हणाली, “काका, मागच्या कडीला खालून खिळा असलेला जोड घ्या, तो बंदुकीच्या पाठीवरच्या भोकात बसतो. मग हत्तीनं ओढली तरी सरकत नाही.”

फुली सरळ बसवायला दोऱ्याला नट बांधून समोर लटकवायचा आणि उभी रेघ दोऱ्याशी जुळवायची. पट सहावर ठेवा आणि पट बदलायची कडी विसरून जा. रोज फिरवत बसायचं नाही.

दाजी, एक विचारू? ते गृहस्थ हे सगळं एकटेच बसून करतात का?

हणमंत

*

केशवापूर, हुबळी
१९ सप्टेंबर

चि. हणमंतराव यांस अनेक आशीर्वाद.

उत्तरास विलंब झाला. खिळ्याचा जोड कमरीपेठेत मिळाला. झोपाळ्याच्या कडीला दोरा बांधून त्यास नट लटकवला आणि फुली त्याच्याशी जुळवली. दुर्बीण आता तसूभरही हलत नाही. पट सहावर आहे. एकटे बसून करतात काय, असे तुम्ही विचारले होते. दोरा धरण्यास भारतीअक्का येतात, आणि त्यांना दोरा धरता येत नाही असे सांगण्यास गोपाळअप्पा येतात. घरात बऱ्याच काळानंतर तीन पेले चहा होतो.

असे असूनही छरे कागदभर विखुरतात. दोष अखेर सापडला. दुर्बीण नळीपासून बरीच उंच बसते. डोळा तेथवर न्यावा तर गाल दस्त्यावरून सुटतो आणि डोके अधांतरी राहते. डोके दर वेळी निराळ्या जागी म्हटल्यावर नेमही निराळा. दस्त्यावर टॉवेल घडी करून ठेवून पाहिला; तो घसरतो. शब्दकोश ठेवून पाहिला. तो योग्य उंचीचा आहे, परंतु गोपाळअप्पांना हसू आवरत नाही. माझा राखाडी मफलर असता तर नेमका बसला असता; तो दोन वर्षांपूर्वी इस्त्रीवाल्या कृष्णाने हरवला. त्याबाबत मी त्याला त्या वेळी लेखी विचारणाही केली होती.

काल भारतीअक्का म्हणाल्या, “सर, अक्कांची उशी कुठं गेली? लाल खणाची, नाड्या लावलेली? त्या दस्त्याला बांधायच्या की.”

हणमंतराव, ती उशी मी पाहिली होती. कपाटात खणांच्या घड्यांमध्ये होती. ओंजळीएवढी, चार नाड्यांची. मला ती देवघरातील काहीतरी वस्तू वाटली. त्यानंतर वर्षभर कपाट उघडायचे नाही असे मी ठरवले होते, म्हणून एकाच दुपारी सर्व इरकली साड्या आणि खण बांधून तुमच्याकडे वहिनींसाठी पाठवले, त्यात ती उशीही गेली. बायकोच्या माहेरी खण-साड्यांबरोबर बंदुकीचा भाग पाठवणारा मी पहिलाच जावई असेन.

आता लपवण्यासारखे काही उरले नाही. गृहस्थ मीच. तुम्हाला एव्हाना शंका आली असल्यास आश्चर्य नाही.

खंडेनवमी एक ऑक्टोबरला आहे. मला धड पाच छरे मारता आले नाहीत तर बंदूक त्या बाईंना द्यावी, असे मी भारतीअक्कांना स्वतःहून सांगून बसलो आहे. गट जाऊ द्यायचा नाही. तो तुमच्या अक्कांनीच उभा केला होता. तरी उशी कृपया त्वरित पाठवावी.

तुमचा,
अनंत

*

टिळकवाडी, बेळगाव
२२ सप्टेंबर, घटस्थापना

ती. दाजी,

काय सांगता! गृहस्थ तुम्हीच? मला तर आत्ता झीट येणार होती, पार्वतीनं सावरलं.

आता खरी अडचण ऐका. पत्र आज दुपारी आलं. सकाळीच घट बसला. आणि घट कशावर बसलाय? अक्काच्या लाल खणाच्या उशीवर. पार्वतीला ती आसनच वाटली. म्हणाली, वन्सं गेल्या तरी यंदा देवी त्यांच्या हाताच्या शिवणीवर बसू दे. खाली पाट, पाटावर उशी, उशीवर परडी, परडीत माती आणि गहू, वर कलश. आमच्यात बसवलेला घट दसऱ्यापर्यंत हलवत नाहीत. तुमचा सामना नवमीला.

मी म्हटलं, “पार्वती, दोन मिनिटं उचलू, खालून ओढून घेऊ, देवीला कळणार पण नाही.” तिनं माझ्याकडं असं बघितलं की फौजेत कुठल्या साहेबानं बघितलं नव्हतं. मग मी म्हटलं, “ही पण देवीचीच शस्त्रपूजा की!” तर म्हणाली, “मग देवीलाच विचारा, ती हो म्हणाली तर मी उचलते.” मी विचारलं. देवी काही बोलली नाही. माझ्या कानांचा भरवसा नाही, पण बोलली नसावी. पुढचं तीच लिहिते.

भाऊजी, नमस्कार. यांचं मनावर घेऊ नका. मी दोऱ्यानं उशीची उंची मोजली आहे, कडेनं दिसते तेवढी. लांबी-रुंदी हातानं कळतेच. त्याच गठ्ठ्यातला खण आहे, रात्रीतून शिवून उद्या हुबळीच्या बसनं पाठवते. नाड्या तशाच लावते.

एक सांगायचं राहिलं. वन्संच्या उशीची शिवण एका बाजूला उसवली होती, ती मी श्रावणात घातली. आत कापूस नाही. राखाडी लोकरीचा मफलर घट्ट गुंडाळून भरलाय. त्याला अजून तुमच्या त्या निलगिरीच्या तेलाचा वास आहे. कापूस दबतो, लोकर दबत नाही, म्हणून घातला असेल. किंवा कशासाठी, ते त्यांनाच ठाऊक. माझ्याकडं तसला मफलर नाही, म्हणून एक बाजू उघडी ठेवून पाठवते. तुमच्याकडं जे असेल ते भरा.

त्या इस्त्रीवाल्याला काही बोलला असाल तर बघा बाई.

पार्वती

*

केशवापूर, हुबळी
२६ सप्टेंबर

चि. हणमंतराव व सौ. पार्वतीवहिनी यांस,

उशी मिळाली. नाड्या दस्त्यावर जशा बांधायच्या तशा बांधल्या गेल्या. आत काय भरावे याचा विचार दोन दिवस केला. अखेर कपाटातून तुमच्या अक्कांचा तो निळा स्वेटर काढला, जो मी गठ्ठ्यात घातला नव्हता. बाही आणि पाठ मिळून नेमका भरला. गाल ठेवला की डोळा आपोआप फुलीच्या मागे येतो. काल पाचही छरे माझ्याच कागदावर गेले. ही गोष्ट भारतीअक्कांनी घरोघरी सांगितली आहे.

कृष्णाकडे जाऊन क्षमा मागितली. तो म्हणाला, “जाऊ द्या की सर, बाईसाहेबांनी तेव्हाच सांगितलं होतं, साहेब रागावतील, दोन दिवस ऐकून घे म्हणून. वर इडल्या पाठवल्या होत्या.”

मला याची कल्पना नव्हती.

अनंत

*

टिळकवाडी, बेळगाव
२ ऑक्टोबर, दसरा

दाजी,

काल काय झालं? तुमचा फोन नाही, आमच्या कानांचा उपयोग नाही. शेवटी भारतीअक्कांना फोन लावून पार्वतीला ऐकायला बसवलं, तर त्या बाई नुसत्या हसतायत आणि म्हणतायत, “सरच लिहितील.” तेव्हा लिहा!

इकडची बातमी. आज घट उठवला. परडीतून रोज पाणी झिरपत होतं, चार दाणेही खाली सांडले होते. दाजी, उशीला गहू उगवलेत. खणातून वर आलेत, मुळं थेट मफलरात. तुमच्या मफलराला अक्काच्या माहेरी पीक आलं. पार्वती म्हणते, हे उपटायचं नाही, कापून वाटायचं. पहिली जुडी तुमची, सोबत पाठवतोय. टोपीत खोचा.

हणमंत

*

केशवापूर, हुबळी
६ ऑक्टोबर

चि. हणमंतराव व सौ. पार्वतीवहिनी यांस अनेक आशीर्वाद.

अंकुर पोचले. थोडे सुकले आहेत, परंतु हिरवे आहेत. आता सामन्याचा वृत्तान्त.

सकाळी सर्व बंदुका सतरंजीवर मांडल्या होत्या. झेंडू, आंब्याची पाने, नारळ. सचिवांनी प्रत्येक बंदुकीपाशी नाव विचारून पूजेचे तबक फिरवले. माझ्यापाशी येऊन त्यांनी विचारले, “ही कोणाची?” मी म्हणालो, “विमलाची.” त्यांनी तसेच लिहून घेतले.

पूजा भारतीअक्कांनी केली आणि अतिशय मनापासून केली. नळीवर कुंकू, दस्त्यावर कुंकू, उशीवर कुंकू, आणि दुर्बीण ही नवी सून आहे म्हणून तिच्या अगदी समोरच्या काचेवर, अंगठ्याने, भरघोस टिळा. महिनाभर मी त्या काचेला बोट लावू दिले नव्हते. दुकानदाराने दिलेल्या मऊ फडक्याखेरीज तिला काही शिवले नव्हते.

मी मेजावर बसल्यावर हे ध्यानात आले. घंटा झाली होती. गोपाळअप्पांनी शेजारून रुमाल पुढे केला. “वरसरी सर, वरसरी! टैम आगतैति!” पुसा म्हणून ते घाई करत होते. भारतीअक्कांनी कपाळाला हात लावला. मी रुमाल हातात घेतला, काचेपर्यंत नेलाही.

हणमंतराव, फेब्रुवारीत त्या सकाळी भारतीअक्कांनीच तिला शेवटचे कुंकू लावले होते. मी दाराशी उभा होतो. आता तिच्या बंदुकीवरचे कुंकू माझ्या हाताने पुसायचे, हे मला जमले नाही. मी रुमाल परत दिला आणि गाल उशीवर ठेवला.

एक गोष्ट तुम्हाला कळवण्यासारखी आहे. कदाचित फौजेतही ठाऊक नसेल. समोरच्या काचेवरचे कुंकू आतून दिसत नाही. मी टिळा दिसेल, लक्ष्य झाकले जाईल अशा तयारीने पाहिले. टिळा कोठेच नव्हता. कागद होता, वर्तुळ होते, फुली होती. फक्त उजेड किंचित कमी होता आणि पांढरा कागद थोडा उबदार वाटत होता, सकाळी लवकर दिसतो तसा. काच इतकी जवळ असते की तिच्यावरची खूण दृष्टीला सापडतच नाही. ती सगळ्या चित्रात विरून जाते.

सहा पटींत हृदयाचे ठोके दिसत नाहीत. ते चालू होते, हे मला उशीवरून समजत होते.

निकाल: चार गटांत आमचा दुसरा. माझा शेवटचा छरा जुन्या सवयीने गोपाळअप्पांच्या कागदावर गेला. नाहीतर, असे ते म्हणतात, पहिलाही आला असता. तो कागदही त्यांना भिंतीला लावायचा आहे. ज्या बाई बंदुकीच्या प्रतीक्षेत होत्या, त्यांनी मला पेढा दिला आणि राखीव म्हणून आमच्याच गटात नाव घातले. दर रविवारी त्यांना मी नेम शिकवावा, असे ठरले आहे. बंदूक त्यांच्या खांद्याला लागेल. उशी बांधून देईन.

पुढच्या वर्षी घट आमच्याकडे बसवावा, असे मनात आहे. कसा बसवतात ते मला माहीत नाही. वहिनींनी येऊन दाखवावे. तुम्हीही यावे. उघड्या डोळ्याने मारणाऱ्यांसाठी क्लबात वेगळा गट आहे, आणि त्यात सध्या कोणीच नाही.

माझ्याकडे टोपी नाही. म्हणून अंकुरांची जुडी दुर्बिणीच्या मागच्या कडीत, खिळ्याच्या जोडाजवळ खोवली आहे. तेथून ती हलत नाही. काच पुसलेली नाही.

तुमचा,
अनंत